गेस्टमध्ये मेमरी रिकामी, होस्टवर मात्र भरलेली: केव्हीएमवर असं का होतं आणि काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६४ जीबी रॅमचा एक होस्ट, म्हणजे खरं मशीन, त्यावर उबुंटू, केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) आणि लिबव्हर्ट (त्या मशीन सांभाळणारं साधन). एकूण दहा व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन: अकाउंट्सचा विंडोज सर्व्हर १६ जीबी, पोस्टग्रेस डेटाबेस १६, दोन ॲप सर्व्हर प्रत्येकी ८, मेल ८, बिल्डची एक १२ आणि टेस्टिंगच्या चार प्रत्येकी ४. बेरीज ८४. होस्टला स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, ८ जीबी. पोस्टग्रेसच्या गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टममध्ये, मेमरीचा वापर दाखवणारी फ्री कमांड मारली तर वापरात जेमतेम ५ जीबी दिसतात, पण होस्टवर त्याच व्हीएमची क्यूईएमयू प्रोसेस (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) १६ जीबी अडवून बसलेली. बलून, म्हणजे गेस्टकडून मेमरी परत मिळवण्याची सोय, सगळ्यांना जोडलेला आहे. तरीही रात्री दोनच्या सुमारास पोस्टग्रेसची व्हीएम बंद पडली. आतल्या लॉगमध्ये काहीच नाही, वीज गेल्यासारखी अचानक. तुम्ही विचारलंय की बलून असताना होस्टनं मेमरी परत का घेतली नाही, आणि आता स्वॅप वाढवू की ओव्हरकमिट (असलेल्या रॅमपेक्षा जास्त वाटून ठेवणं) बंद करू?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. दोन्ही करू नका. बलून जोडलेला असला तरी तो फुगवणारं तुमच्याकडे कोणीच नाही. आणि खरी अडचण बलूनचीही नाही. दोन कर्नल, होस्टचा आणि गेस्टचा, एकाच रॅमचा वेगवेगळा हिशेब ठेवतायत आणि ८४ जीबीचं आश्वासन देताना सगळे एकाच वेळी मागायला येणार नाहीत असं तुम्ही धरून चालला होतात. रात्री दोन वाजता ते सगळे एकदम आले.

व्हीएमला १६ जीबी दिले म्हणजे नक्की काय दिलं, इथून सुरुवात करू. केव्हीएम लिनक्स कर्नलमध्ये २.६.२० या आवृत्तीत, २००७ च्या फेब्रुवारीत आलं. त्यामागचा विचार असा होता की वेगळा हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारा थर) लिहायचाच कशाला, लिनक्सकडे शेड्युलर आहे, मेमरी मॅनेजर आहे, तेच वापरू. त्यामुळे होस्टच्या नजरेत तुमची व्हीएम म्हणजे एक साधी प्रोसेस आहे आणि गेस्टची 'फिजिकल' रॅम म्हणजे त्या प्रोसेसनं मॅप केलेला पत्त्यांचा एक मोठा पट्टा. व्हीएम सुरू होते तेव्हा हे १६ जीबी फक्त कागदावर असतात. खरी रॅम अजून एक बाइटही गेलेली नसते.

आता गेस्टमधल्या पोस्टग्रेसनं एका नव्या पेजला, म्हणजे मेमरीच्या एका छोट्या तुकड्याला, हात लावला असं समजा. गेस्ट कर्नल आपल्या यादीतून एक रिकामी फ्रेम (पेज बसण्याची जागा) काढतो आणि स्वतःच्या पेज टेबलमध्ये नोंद करतो. त्याच्या दृष्टीनं काम झालं. पण प्रोसेसरला अजून गेस्टचे पत्ते खऱ्या रॅमशी जोडणाऱ्या दुसऱ्या टेबलमधून जायचं असतं. इंटेलवर त्याला ईपीटी म्हणतात, एएमडीवर एनपीटी. तिथे त्या फ्रेमची नोंदच नाही, म्हणून फॉल्ट होतो, गेस्ट थांबतो आणि ताबा केव्हीएमकडे येतो. ही फ्रेम क्यूईएमयूच्या पत्त्यांच्या पट्ट्यात कुठे पडते ते केव्हीएम बघतं आणि होस्टच्या मेमरी मॅनेजरकडे पेज मागतं. होस्ट शून्यांनी पुसलेलं एक खरं पेज देतो, ईपीटीत नोंद होते, गेस्ट जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. या क्षणी क्यूईएमयूचा आरएसएस (प्रोसेसनं व्यापलेली खरी रॅम) ४ केबीनं वाढला. ट्रान्सपरंट ह्यूज पेज (कर्नल आपोआप देतो ते मोठं पेज) मिळालं असेल तर एकदम २ एमबीनं.

थोड्या वेळानं पोस्टग्रेसनं ते पेज सोडलं. गेस्ट कर्नलनं ते परत आपल्या रिकाम्या यादीत टाकलं. होस्टला काय कळलं? काहीच नाही. पेज सोडणं म्हणजे गेस्टच्या आतल्या एका यादीतला बदल, त्यात फॉल्ट नाही की एक्झिट, म्हणजे होस्टकडे ताबा जाणं, नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तसं समजा: प्रवासी मधल्या थांब्यावर उतरून गेला, रुमाल तसाच राहिला, आणि कंडक्टरच्या लेखी सीट भरलेलीच आहे. गेस्टनं एकदा हात लावलेलं पेज होस्टच्या हिशेबात कायम 'वापरात' राहतं. म्हणून आरएसएस चढतो आणि आपणहून उतरत नाही.

त्यात लिनक्स गेस्टचा स्वभाव असा की रॅम रिकामी ठेवणं त्याला पटत नाही. जी फाइल वाचली ती पेज कॅशमध्ये राहते. चार-सहा दिवस चाललेल्या कुठल्याही गेस्टमध्ये फ्री कमांडचा कॅशचा रकाना बघा, वापराच्या दुप्पट सहज निघेल. पोस्टग्रेसच्या बाबतीत तर ५ जीबीचा आकडाही जपूनच घ्यायचा, कारण शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसची स्वतःची कॅश) अनेकदा कॅशच्या रकान्यात मोजले जातात आणि ते काही टाकून देता येणारे नाहीत. गेस्टमध्ये नेहमी 'अव्हेलेबल' बघा, 'यूज्ड' नको. विंडोज त्याहून सरळ आहे. तो पेजेस शून्य करत सुटतो आणि तेवढ्यात सगळ्या मेमरीला हात लावून मोकळा होतो. अकाउंट्सच्या सर्व्हरचा आरएसएस रीस्टार्टनंतर काही वेळातच १६ ला भिडला असणार, बघून घ्या.

मग रात्री दोनला काय झालं? तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज असा की बहुतेक गेस्टमध्ये बॅकअपचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) त्याच सुमारास लागतो. बॅकअप म्हणजे डिस्कवरचं सगळं एकदा वाचणं. जे वाचलं ते गेस्टच्या कॅशमध्ये जातं, आणि त्या कॅशसाठी गेस्ट कर्नल आजवर हात न लावलेल्या फ्रेम्स काढतो. दिवसभर ३ जीबीवर असलेली टेस्टची व्हीएम बघता बघता ४ वर जाते, मेलची ५ वरून ८ वर. ओव्हरकमिटचं सगळं गणित 'सगळ्यांची गर्दी एकाच वेळी होत नाही' यावर उभं असतं आणि क्रॉन नेमकी ती गर्दी घडवून आणतो. तुमच्याकडे ६४ अधिक स्वॅपचे ८, म्हणजे ७२ जीबीची कमाल मर्यादा. त्यातून होस्टचा स्वतःचा खर्च वजा जातो. ८४ कडे सरकणारा आकडा त्यात बसणार नव्हताच.

होस्टवर डीमेसेज (कर्नलचा लॉग) काढा. त्या वेळची 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' अशी ओळ सापडेल, पुढे क्यूईएमयूचं नाव आणि त्याचा ॲनॉन आरएसएस किलोबाइटमध्ये. ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग, बळी निवडताना मुख्यतः प्रोसेसची रॅम, तिचा स्वॅप आणि पेज टेबल्स यांची बेरीज बघतो. ज्याची जास्त तो जातो. व्हीएमच्या होस्टवर सगळ्यात जाडजूड प्रोसेस म्हणजे सगळ्यात मोठी व्हीएम, आणि सगळ्यात मोठी व्हीएम म्हणजे बहुधा सगळ्यात महत्त्वाची. गेस्टला कसली सूचनाही मिळत नाही, म्हणून आत लॉग नाही. पोस्टग्रेस डब्ल्यूएएलवरून (आधीच लिहून ठेवलेल्या बदलांच्या नोंदींवरून) सावरतो हे तुमचं नशीब. मेलची व्हीएम गेली असती तर सकाळ वेगळी गेली असती.

आता बलून. ही कल्पना व्हीएमवेअरच्या ईएसएक्स या हायपरव्हायझरमधून सर्वांना माहीत झाली. कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये ओएसडीआय या ऑपरेटिंग सिस्टमवरच्या परिषदेत तिच्यावर निबंध वाचला. कल्पना खरोखर हुशारीची आहे. गेस्टमधलं कोणतं पेज निरुपयोगी हे होस्टला कळत नाही, पण गेस्ट कर्नलला पक्कं कळतं. मग गेस्टच्या आत एक ड्रायव्हर ठेवायचा, त्यानं गेस्ट कर्नलकडे पेजेस मागत राहायचं. गेस्ट कर्नल आधी रिकामी पेजेस देतो, मग कॅश टाकून देतो, अगदीच वेळ आली तर स्वतःच्या स्वॅपमध्ये ढकलतो. मिळालेल्या पेजेसचे क्रमांक ड्रायव्हर होस्टला कळवतो आणि होस्ट त्यांच्यामागची खरी रॅम मोकळी करतो. काय टाकायचं हा निर्णय ज्याला माहिती आहे त्याच्याकडेच राहतो, बलूनची सगळी ताकद यातच आहे.

पण फुगवायचा कधी आणि किती, हे ड्रायव्हर ठरवत नाही आणि होस्ट कर्नलही ठरवत नाही. होस्ट कर्नलला तर बलून नावाची गोष्ट असते हेच ठाऊक नाही. तो मेमरी कमी पडली की स्वॅप करतो, तेही पुरलं नाही की मारतो. बलूनचं लक्ष्य क्यूईएमयूला बाहेरून सांगावं लागतं. लिबव्हर्ट बलूनचं डिव्हाइस बहुतेक वेळा आपोआप जोडतं, म्हणून व्हीएमच्या एक्सएमएल फाइलमध्ये ते दिसतं आणि आपल्याला वाटतं सोय झाली. प्रत्यक्षात कोणी 'व्हर्श सेटमेम' ही लिबव्हर्टची कमांड चालवेपर्यंत तो बलून चपटाच पडून असतो. प्रॉक्समॉक्स या केव्हीएमवरच्या तयार प्रणालीत ही जबाबदारी त्यांच्या एका डीमननं (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामनं) घेतलेली आहे, होस्टची मेमरी ८० टक्क्यांच्या वर गेली की किमान आणि कमाल यांच्यामध्ये तो बलून हलवतो. तुमच्या साध्या लिबव्हर्टवर तसं काही नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं हे सरळ उत्तर.

मग स्क्रिप्ट लिहून बलून आपोआप फुगवावा का? माझं मत: फुगवा, पण आणीबाणीसाठी त्याच्यावर विसंबू नका. लिनक्सचा व्हर्टआयओ बलून ४ केबीच्या पेजेसनी काम करतो, एका फेरीत २५६ पेजेस, म्हणजे १ एमबी. एरवी हे पुरेसं वेगवान असतं, पण ज्या क्षणी होस्टला गरज आहे त्याच क्षणी गेस्टही बॅकअपमध्ये गळ्यापर्यंत बुडालेला असतो. त्याला सीपीयू मिळायला हवा, त्यानं कॅश टाकायला हवी, मगच पेज परत येणार. गेस्ट अडकलेला किंवा बूट होत असलेला असेल तर बलून हलणारच नाही. शिवाय असे सुटे ४ केबीचे तुकडे काढून घेतले की होस्टवरची २ एमबीची ह्यूज पेजेस फुटतात आणि तो वेग परत मिळायला वेळ लागतो. आणि जास्त ओढलंत तर ओओएम गेस्टच्या आत होतो. म्हणजे दुखणं तेच, फक्त जागा बदलली. एक्सएमएलमध्ये मेमबलूनला ऑटोडिफ्लेट चालू ठेवलंत तर गेस्ट गुदमरायला लागल्यावर बलून स्वतः हवा सोडतो. ते चालू ठेवाच.

त्याच मेमबलूनच्या टॅगमध्ये फ्री पेज रिपोर्टिंग नावाचा आणखी एक पर्याय आहे आणि तुमच्यासारख्यांना तो जास्त उपयोगी पडतो. २०२० मध्ये लिनक्स ५.७ मध्ये आला, क्यूईएमयू ५.१ आणि लिबव्हर्ट ६.९ पासून वापरता येतो. यात गेस्ट स्वतःहून थोड्या थोड्या वेळानं सांगत राहतो की ही मोठी सलग पेजेस माझ्याकडे रिकामी पडली आहेत, घेऊन जा. बाहेरून कोणी लक्ष्य द्यावं लागत नाही. मर्यादा एकच, पण मोठी: 'रिकामी' म्हणजे खरोखर रिकामी. कॅशमध्ये अडकलेली पेजेस यात येत नाहीत. बिल्डच्या व्हीएमला याचा फायदा चांगला होतो, कारण कंपाइल संपलं की कंपायलरच्या प्रोसेसेस मरतात आणि गीगाबाइटच्या गीगाबाइट खरोखर मोकळे होतात. पोस्टग्रेसला जवळजवळ शून्य फायदा. गेस्टचा कर्नल जुना असेल तर ड्रायव्हरला हे कळणारच नाही, तेव्हा आधी आवृत्ती बघा.

स्वॅपबद्दल तुमचा प्रश्न रास्त आहे, पण होस्टचा स्वॅप हा व्हीएमसाठी सगळ्यात आंधळा उपाय आहे. होस्टला क्यूईएमयूची पेजेस दिसतात, त्यांच्यातला मजकूर कळत नाही. गेस्टच्या कॅशमधलं एखादं पेज, जे त्याच्या डिस्कवर जसंच्या तसं आहे आणि गेस्टनं एका क्षणात टाकून दिलं असतं, ते होस्टला साधी ॲनॉनिमस (मागे फाइल नसलेली) मेमरी म्हणूनच दिसतं. मग तो ते इमानदारीनं स्वॅपमध्ये लिहून ठेवतो. म्हणजे एकच मजकूर डिस्कवर दोनदा. उलट प्रकार त्याहून वाईट. एखादं पेज होस्टनं आधीच स्वॅपमध्ये टाकलेलं आहे. नंतर गेस्ट कर्नललाही ते जुनं वाटतं, म्हणून तो ते आपल्या स्वॅपमध्ये लिहायला घेतो. लिहायचं म्हणजे वाचायला हवं, म्हणून होस्ट ते आपल्या स्वॅपमधून वर आणतो, कशासाठी, तर गेस्टला ते पुन्हा खाली लिहिता यावं म्हणून. दोन कर्नल एकमेकांची तोंडं न बघता तेच काम उलटसुलट करत बसतात आणि डेटाबेसच्या क्वेऱ्या सेकंदांवर जातात. मॉनिटरिंगमध्ये सीपीयू शांत, लोड मात्र चढलेला, असं चित्र दिसलं की मी सगळ्यात आधी होस्टचा स्वॅप इन (स्वॅपमधून परत येणारी पेजेस) बघतो.

म्हणून ८ जीबी स्वॅप आहे तेवढाच असू द्या. तो क्वचित कामी येणाऱ्या, थंड पडलेल्या पेजेससाठी आहे. ६४ जीबीचा स्वॅप केलात तर ओओएम टळेल खरा, पण त्याऐवजी सगळ्याच दहा व्हीएम एकत्र रांगू लागतील. एक व्हीएम मेलेली मला चालते, सगळ्या अर्धमेल्या चालत नाहीत. तुमच्याकडे उलट पसंती असू शकते. अकाउंट्सच्या लोकांना मंद चाललं तरी चालतं पण बंद पडलेलं चालत नाही, असं असेल तर स्वॅप १६ पर्यंत नेण्याला माझी हरकत नाही, फक्त तो एसएसडीवर हवा.

ओव्हरकमिट बंद करण्याचं गणित तर करूनच बघा. कर्नलच्या 'ओव्हरकमिट मेमरी' या सेटिंगची किंमत २ केली की कर्नल कागदावरच्या मागणीलाच मर्यादा घालतो. ती मर्यादा डीफॉल्टनं रॅमच्या ५० टक्के अधिक स्वॅप, म्हणजे तुमच्याकडे ३२ अधिक ८, चाळीस जीबी. पोस्टग्रेस आणि विंडोज सुरू झाले की ३२ संपले, एक ॲप सर्व्हर जेमतेम बसेल की नाही सांगता येत नाही, पुढच्या व्हीएम सुरूच होणार नाहीत. टक्केवारी वाढवता येते, पण मग होस्टवरचे बाकीचे प्रोग्राम, जे पत्ते भरपूर मागतात आणि रॅम थोडीच वापरतात, तेही अडखळायला लागतात. ही मर्यादा कर्नलकडून घालून घेण्यापेक्षा व्हीएमचे आकडे ठरवताना आपणच घालावी. किंमत ० वरच ठेवा.

केएसएमबद्दल कोणीतरी सुचवेलच, म्हणून तेही सांगून टाकतो. होस्टवरची एकसारखी पेजेस शोधून एकच प्रत ठेवायची, ही सोय २००९ च्या अखेरीस २.६.३२ मध्ये आली. एकाच इमेजवरून काढलेल्या टेस्टच्या व्हीएमवर ती छान बचत दाखवते. एका कॉलेजच्या लॅबमध्ये एकाच साच्यातल्या व्हीएम रांगेनं चालायच्या आणि बचतीचा आकडा बघून सगळे खूश होते. मग सगळ्यांवर एकाच दिवशी अपडेट लागले. पेजवर लिहिलं गेलं की सामायिक प्रत तुटते आणि होस्टला नवं पेज द्यावं लागतं, त्यामुळे बचत होती तेवढीच मागणी तासाभरात अंगावर आली. बचतीतून मिळालेली रॅम दुसऱ्या व्हीएमला देऊन टाकली असेल तर त्या दिवशी तुम्ही अडकलात. दुसरं म्हणजे सुरक्षा. ॲम्स्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की केएसएम आणि रोहॅमर (मेमरीच्या ओळी सतत वाचून शेजारचे बिट बिघडवण्याचा हल्ला) मिळून एका व्हीएममधून दुसऱ्या व्हीएमच्या मेमरीतला बिट उलटवता येतो. व्हीएम सगळ्या तुमच्याच असतील तर टेस्टिंगसाठी वापरा. वेगवेगळ्या ग्राहकांच्या व्हीएम एका होस्टवर असतील तर बंद ठेवा. तुमच्या होस्टवर मी ते चालू करणार नाही, चार टेस्टच्या व्हीएमसाठी एवढा खटाटोप कशाला.

आता तुमच्या ६४ जीबीची मांडणी मी कशी करेन ते. होस्टसाठी ५ जीबी बाजूला. प्रत्येक क्यूईएमयूला गेस्टच्या रॅमखेरीज स्वतःचीही मेमरी लागते, डिव्हाइसेस, डिस्प्ले, पेज टेबल्स वगैरे. १६ जीबी सगळे ४ केबीच्या पेजेसनी मॅप झाले तर नुसत्या ईपीटीच्या नोंदींना ३२ एमबी लागतात. अनुभवावरून मी प्रत्येक व्हीएममागे दोन-तीनशे एमबी धरतो, म्हणजे दहांचे सुमारे ३ जीबी. ५६ उरले, त्यातला एक जीबी हाताशी राखून ५५.

यातून आधी ज्यांना शब्द द्यायचा त्यांचं. पोस्टग्रेस १६ वर तसाच, पण २ एमबीच्या स्टॅटिक ह्यूज पेजेसवर. होस्ट बूट होतानाच अशी ८१९२ पेजेस राखून ठेवायची आणि लिबव्हर्टमध्ये मेमरी बॅकिंगला ह्यूज पेजेस सांगायची. ही मेमरी स्वॅप होत नाही, केएसएमच्या हाती लागत नाही, आणि आरएसएसमध्ये मोजली जात नसल्यामुळे ओओएम किलरच्या यादीत पोस्टग्रेस वरून एकदम खाली जातो. वेगही मिळतो. टीएलबीत (पत्त्यांच्या जोड्या लक्षात ठेवणाऱ्या प्रोसेसरच्या कॅशमध्ये) पत्ता सापडला नाही तर दोन्ही बाजूंची चार पातळ्यांची टेबलं चालत जायला जास्तीत जास्त २४ वेळा मेमरीत डोकवावं लागतं. दोन्हीकडे २ एमबीची पेजेस असतील तर ते १५ वर येतं. याची किंमत म्हणजे ते १६ जीबी व्हीएम बंद असली तरी दुसऱ्या कोणाला मिळत नाहीत, आणि त्या व्हीएमपुरता बलून विसरायचा. दोन सॉकेटचा सर्व्हर असेल तर राखलेली पेजेस दोन्ही नोड्समध्ये (सॉकेट आणि त्याच्या जवळची रॅम) वाटली जातात, तेव्हा व्हीएम कुठल्या नोडवर बसते तेही बघा.

विंडोज सर्व्हरला १६ खरोखर लागतात का, हे आतल्या परफॉर्मन्स मॉनिटरवर एक महिनाअखेर बघून ठरवा. अकाउंट्सचा भार महिनाअखेरीस आणि मार्चमध्ये असतो, एरवीचे आकडे फसवे. मी सुरुवातीला १० देईन. ॲप सर्व्हर प्रत्येकी ६, मेल ४. जावा असेल तर हीपची (जावा वापरतं त्या मेमरीची) कमाल मर्यादा गेस्टच्या रॅमपेक्षा बऱ्यापैकी खाली हवी, एवढं तपासा. इथपर्यंत झाले ४२. उरलेल्या १३ मध्ये बिल्ड ८ आणि टेस्टच्या कोणत्याही दोन व्हीएम अडीच-अडीचवर. बाकीच्या दोन बंद. चारही हव्याच असतील तर ओव्हरकमिट इथे, याच खालच्या थरात करा. त्यांना फ्री पेज रिपोर्टिंग लावा, बलून हलवणारी स्क्रिप्ट याच व्हीएमवर चालवा आणि त्यांच्या क्यूईएमयूची ओओएम स्कोअर ॲडजस्ट किंमत वाढवा, समजा ५००. लिबव्हर्टच्या हुक स्क्रिप्टमधून व्हीएम सुरू झाली की ती लिहिता येते. मग रॅम संपलीच तर टेस्टची व्हीएम जाईल, अकाउंट्सची नाही. कोण मरावं हे कर्नलनं ठरवण्यापेक्षा तुम्ही ठरवलेलं बरं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. एखाद्या व्हीएमला ग्राफिक्स कार्ड किंवा नेटवर्क कार्ड थेट जोडलेलं असेल तर तिची सगळी मेमरी सुरुवातीलाच पिन होते, म्हणजे रॅममध्ये पक्की बसते, बलून आणि स्वॅप दोन्ही तिला लागू नाहीत, तिला ह्यूज पेजवाल्यांच्या रांगेत बसवा. होस्टवर झेडएफएस ही फाइल सिस्टम असेल तर तिचा एआरसी (तिची स्वतःची कॅश) हा आणखी एक भागीदार. कित्येक आवृत्त्यांमध्ये तो डीफॉल्टनं निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकतो आणि फ्री कमांडमध्ये कॅश म्हणून दिसतही नाही, त्याला हाताने मर्यादा घाला. आणि डिस्क इमेजेस साध्या फाइल्स असतील तर कॅश मोड 'नन' करा, नाहीतर तोच ब्लॉक एकदा गेस्टच्या कॅशमध्ये आणि एकदा होस्टच्या कॅशमध्ये राहतो.

मोजमापासाठी टॉपमधला आरएसएस सोडून द्या, वर सांगितलं त्याप्रमाणे तो फक्त चढता आकडा आहे. 'व्हर्श डॉममेमस्टॅट' वापरा, पण आधी त्याला पिरियड (किती सेकंदांनी आकडे घ्यायचे ते) देऊन ठेवा, नाहीतर गेस्टकडून येणारे आकडे ताजे होत नाहीत. त्यात 'अनयूझ्ड' म्हणजे अगदी रिकामी आणि 'यूझेबल' म्हणजे कॅश सोडून मिळू शकेल ती. बलूनचा निर्णय 'यूझेबल'वर घ्या. होस्टवर लिनक्स ४.२० पासून प्रॉकमध्ये प्रेशर नावाची डिरेक्टरी आहे, तिच्यातल्या मेमरी फाइलमध्ये कामं मेमरीसाठी किती टक्के वेळ खोळंबली ते दिसतं. दहा सेकंदांची सरासरी रोज रात्री शून्याच्या वर रेंगाळत असेल तर ओओएम व्हायच्या बऱ्याच आधी तुम्हाला कळेल. अलार्म त्यावर लावा, 'मेमरी ९० टक्के' यावर नको. व्हीएमच्या होस्टवर मेमरी ९० टक्के भरलेली असणं यात विशेष काही नाही.

यातलं आज रात्रीच्या आत होण्यासारखं म्हणजे बॅकअपच्या वेळा बदलणं. दहाही व्हीएमचे क्रॉन अर्ध्या-अर्ध्या तासानं पुढेमागे करा आणि सिस्टमडीचे टायमर असतील तर त्यांना रँडमाइज्ड डिले द्या. वेळा विखुरल्यानं आरएसएस उतरणार नाही, कॅश एकदा भरली की भरली, पण एका तासात येणारी मागणी रात्रभरात पसरते आणि होस्टला थंड पेजेस सावकाश बाजूला काढायला वेळ मिळतो. व्हीएमचे आकडे कमी करणं मात्र रविवारी करा, कारण कमाल मेमरी बदलायला व्हीएम बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. नुसता रीबूट पुरत नाही, क्यूईएमयूची जुनी प्रोसेस संपायला हवी.

एवढं करून पंधरा दिवसांनी पोस्टग्रेसच्या गेस्टमध्ये 'अव्हेलेबल' दोन जीबीच्या खाली राहत असेल, किंवा बिल्डची व्हीएम ८ मध्ये गुदमरत असेल, तर मग कर्नलची आणखी कुठलीही कळ फिरवत बसू नका, ६४ चे १२८ करून घ्या. फक्त नवी रॅम लागली की टेस्टच्या व्हीएम पुन्हा सहज म्हणून वाढवू नका, आणि डीमेसेजमधली ती ओओएमची ओळ, तिच्या वरच्या प्रोसेसच्या तक्त्यासकट, इथे टाका. कोणत्या व्हीएमचा आरएसएस तेव्हा किती होता हे त्या तक्त्यात असतं, त्यावरून माझा बॅकअपचा अंदाज बरोबर आहे की नाही तेही कळेल.